एक पट्टी, चाळीस किलो भार आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा पाया

मेकॅनिकलच्या पहिल्या दोन वर्षांत विषयांची रांगच लागते: मेकॅनिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थर्मो, फ्लुइड, ड्रॉइंग, वर्कशॉप. प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, शिकवणारे वेगळे, पेपरचा दिवस वेगळा. त्यामुळे हे विषय डोक्यातही वेगवेगळ्या कप्प्यांत जाऊन बसतात आणि समोर खरी वस्तू आली की कोणता कप्पा उघडायचा तेच सुचत नाही. म्हणून इथे उलट्या बाजूने जाऊ. एक अगदी साधी वस्तू घेऊ, तिला आकडे लावू आणि तिचा पिच्छा पुरवू. विषय ज्या क्रमाने लागतील त्या क्रमाने येतील.

वस्तू अशी: भिंतीतून आडवी बाहेर आलेली पोलादी पट्टी. लांबी ५०० मिमी, काटछेद ४० बाय १० मिमी. एक टोक भिंतीवर बोल्टने बसवलेल्या प्लेटला वेल्ड केलेलं, दुसऱ्या टोकाला ४० किलोचा भार. पट्टी टिकेल का, किती वाकेल, आणि ती बनवायची कशी?

वही आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ घ्या. पुढचे आकडे नुसते वाचून काहीच हाती लागणार नाही, ते स्वतः करून पाहायचे आहेत.

एककं आधी, सूत्रं नंतर

४० किलो हे वस्तुमान झालं. पट्टीला जाणवतं ते बल, म्हणजे ४० गुणिले ९.८१, साधारण ३९२ न्यूटन. हा फरक शाळेत शिकवलेला असतो आणि तरी पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत ९.८१ एक तर विसरलेलं असतं किंवा दोनदा गुणलेलं असतं.

मजबुतीच्या हिशेबात एक संच पक्का धरा: बल न्यूटनमध्ये, लांबी मिलिमीटरमध्ये. मग स्ट्रेस, म्हणजे क्षेत्रफळाच्या एका एककावर येणारं बल, आपोआप न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये येतो आणि त्यालाच मेगापास्कल म्हणतात. गती, ऊर्जा, उष्णता यांच्या हिशेबात मात्र किलोग्रॅम, मीटर, सेकंद. दोन संचांची एकाच ओळीत सरमिसळ झाली की उत्तर हजारपटीने किंवा दहा लाखपटीने चुकतं, आणि कॅल्क्युलेटर काही तक्रार करत नाही.

ही चूक फक्त विद्यार्थी करतात असं नाही. १९९९ साली नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झालं. थ्रस्टरच्या धक्क्याचे आकडे एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. फरक सुमारे ४.४५ पटींचा.

एककांचा आणखी एक उपयोग आहे, तो फार कमी जण करतात. सूत्र आठवत नसेल किंवा शंका असेल तर दोन्ही बाजूंची एककं जुळतात का ते बघा. मोमेंट (बल गुणिले अंतर, म्हणजे फिरवण्याचा जोर) न्यूटन-मिमीमध्ये, सेक्शन मोड्युलस (काटछेदाच्या आकारावरून निघणारा, वाकण्याला विरोध सांगणारा आकडा) घन मिमीमध्ये; भागाकार केला की न्यूटन प्रति चौरस मिमी. जुळलं. जुळलं नसतं तर सूत्र नक्की चुकीचं. जुळलं म्हणून बरोबरच असेल असं नाही, पण निम्म्या चुका इथेच गळून पडतात.

आणि आकड्याला अंगाची ओळख हवी. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ दहा किलोचं वजन. साध्या माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंथ, म्हणजे ज्या स्ट्रेसच्या पुढे धातू कायमचा वाकतो ती मर्यादा, २५० मेगापास्कलच्या आसपास असते, म्हणजे एक चौरस सेंटिमीटरवर अडीच टन. हे लक्षात असलं की उत्तरात स्ट्रेस ०.००३ किंवा ९०,००० मेगापास्कल आला, तर पान न उलटता कळतं की काहीतरी बिघडलंय.

फ्री बॉडी डायग्राम: इथे वेळ घालवा

संपूर्ण अभ्यासक्रमातून एकच कौशल्य उचलायचं असेल तर मी हे उचलेन. स्ट्रेस, वाकणं, बोल्ट, गिअर, बेअरिंग, कंपनं, सगळ्यांची सुरुवात इथून होते. इथे चूक झाली तर पुढचं गणित कितीही सफाईने केलं तरी फुकट.

पद्धत अशी. एक वस्तू निवडा, आपल्याकडे पट्टी. तिला आजूबाजूच्या जगातून कापून वेगळी काढा. भिंत, प्लेट, लटकलेला भार, काहीही चित्रात ठेवायचं नाही. जिथे जिथे कापलं तिथे बाहेरचं जग पट्टीला काय करत होतं ते बाणाने दाखवा. पट्टी जगाला काय करते ते इथे दाखवायचं नाही. हा सगळ्यात सर्रास होणारा घोटाळा आहे. शेवटी अंतरं लिहा.

बाहेरच्या टोकाला भार पट्टीला खाली ओढतो: ३९२ न्यूटन. भिंतीच्या टोकाला प्लेट पट्टीला वर उचलून धरते: तेही ३९२ न्यूटन. बहुतेक जण इथे पेन्सिल खाली ठेवतात. पण चित्र अजून अपुरं आहे. एक बाण खाली, एक वर, आणि दोघांत अर्धा मीटर अंतर. एवढीच बलं असतील तर पट्टी गरकन फिरेल. ती फिरत नाही, म्हणजे प्लेट तिला उलट्या दिशेने पिळ देऊन रोखून धरते आहे. तो मोमेंट ३९२ गुणिले ०.५, म्हणजे १९६ न्यूटन-मीटर.

पट्टीचं स्वतःचं वजन? लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार करा आणि पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर लावा. सुमारे १.५७ किलो येतं. ते पट्टीच्या मध्यावर धरलं तर मोमेंट जेमतेम ३.९ न्यूटन-मीटर, म्हणजे १९६ च्या दोन टक्के. सोडून देऊ. पण आकडा काढून मग सोडलं. न बघताच सोडणं वेगळं. पाच मीटर लांबीच्या पट्टीत हेच वजन दुर्लक्ष करण्याजोगं राहत नाही.

आता हेच कौशल्य प्लेटवर लावा. समजा प्लेटच्या खालच्या कडेपासून वरचा बोल्ट १०० मिमी उंचीवर आहे. भाराने प्लेट खालच्या कडेवर टेकून वरच्या बाजूने भिंतीपासून सुटायला बघते आणि वरचा बोल्ट तिला मागे खेचतो. खालच्या बोल्टची मदत सुरक्षित बाजूला राहण्यासाठी धरू नका. बोल्टमधली ओढ: १,९६,००० न्यूटन-मिमी भागिले १०० मिमी, म्हणजे १९६० न्यूटन. भार ४० किलोचा आणि बोल्टवर ओढ २०० किलोची! हा आकडा पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण गणित पुन्हा तपासतो. गणित बरोबरच आहे. पट्टी तरफ झाली आहे.

एम ८, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या बोल्टचं ताण घेणारं क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिमी असतं, म्हणजे स्ट्रेस साधारण ५४ मेगापास्कल. बोल्टच्या डोक्यावर ८.८ छापलेलं असेल तर पहिल्या ८ चा अर्थ तुटण्याची मजबुती ८०० मेगापास्कल आणि .८ चा अर्थ तिच्या ८० टक्क्यांवर यील्ड, म्हणजे ६४०. बोल्ट आवळताना त्यात आधीच जो ताण येतो त्याचा हिशेब पुढच्या वर्षी शिकाल. तूर्तास या भाराने बोल्ट तुटणार नाही एवढं दिसतंय. भिंत तो बोल्ट धरून ठेवेल का, हा प्रश्न मात्र उघडाच राहतो. प्लेट दुप्पट उंच केली आणि वरचा बोल्ट २०० मिमीवर नेला, तर ओढ सरळ निम्मी होते. डिझाइन म्हणजे बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं: बोल्ट जाड करण्याआधी अंतर वाढवता येतंय का ते बघणं.

आडवी पट्टी, उभी पट्टी

पट्टीचा ४० बाय १० चा काटछेद दोन प्रकारे ठेवता येतो. आडवा, म्हणजे १० मिमी उंची. किंवा उभा, म्हणजे ४० मिमी उंची. धातू तेवढाच, वजन तेवढंच, खर्च तेवढाच.

पट्टी वाकते तेव्हा तिचा वरचा थर ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि मधोमध एक थर असा असतो ज्याला दोन्ही नसतं. सगळ्यात जास्त स्ट्रेस सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या थरात, आणि तोही भिंतीजवळ, कारण मोमेंट तिथे सर्वाधिक. आयताकृती काटछेदासाठी सेक्शन मोड्युलस म्हणजे रुंदी गुणिले उंचीचा वर्ग भागिले सहा.

आडव्या पट्टीत: ४० गुणिले १०० भागिले ६, म्हणजे ६६७ घन मिमी. स्ट्रेस १,९६,००० भागिले ६६७, म्हणजे २९४ मेगापास्कल. यील्ड २५० ला. पट्टी कायमची वाकणार.

उभ्या पट्टीत: १० गुणिले १६०० भागिले ६, म्हणजे २६६७ घन मिमी. स्ट्रेस ७३.५ मेगापास्कल. आरामात.

नुसती पट्टी नव्वद अंशांत फिरवली आणि नापास झालेली वस्तू पास झाली. आय-बीमचा आकार तसा का असतो, त्याचं उत्तर यातच आहे: धातू मधल्या निवांत थरातून काढून वर-खाली, कामाच्या जागी नेऊन ठेवायचा.

आता वाकण्याचा हिशेब. एका टोकाला पक्की धरलेल्या पट्टीचं दुसरं टोक किती खाली जाईल? बल गुणिले लांबीचा घन, भागिले तीन गुणिले यंग मोड्युलस (धातूचा स्वतःचा ताठपणा) गुणिले काटछेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया. शेवटची राशी म्हणजे रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले बारा. पोलादाचा यंग मोड्युलस २,००,००० मेगापास्कल धरा. आडव्या पट्टीला सुमारे २४.५ मिमी, उभ्या पट्टीला सुमारे १.५ मिमी. सोळापट फरक, कारण उंची चौपट झाली आणि वाकण्यातला फरक तिच्या घनाने पडतो, तर रुंदी चौथाई झाली. सूत्रातला घन कुठे बसला आहे हे ओळखायला शिका. लांबीचाही घन आहे: पट्टी दुप्पट लांब केली तर टोक आठपट खाली जाईल.

आणि आता विद्यार्थ्यांना हमखास फसवणारा प्रश्न. पट्टी जास्त वाकते म्हणून दुप्पट मजबूत पोलाद आणलं, तर वाकणं निम्मं होईल का? अजिबात नाही. साधं पोलाद घ्या की महागडं मिश्र पोलाद, यंग मोड्युलस जवळजवळ तोच राहतो. मजबुती म्हणजे कधी मोडेल. ताठपणा म्हणजे किती वाकेल. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजबुती मिश्रणाने आणि उष्णोपचाराने बदलते, ताठपणा बदलायचा असेल तर आकार बदला.

हीच पट्टी अ‍ॅल्युमिनियमची केली तर यंग मोड्युलस सुमारे ७०,००० मेगापास्कल, म्हणून वाकणं १.५ वरून साधारण ४.४ मिमीवर जाईल. स्ट्रेस मात्र तसाच, ७३.५. स्ट्रेसच्या हिशेबात धातूचं नाव कुठे आलंच नव्हतं, बघा. भार आणि आकार एवढ्यावर तो ठरला. धातूचं नाव येतं ते तो स्ट्रेस सोसवेल का या प्रश्नाला.

सुरक्षिततेचा गुणांक कशासाठी

उभ्या पट्टीचा फॅक्टर ऑफ सेफ्टी २५० भागिले ७३.५, म्हणजे ३.४. हा आकडा भित्रेपणासाठी नसतो; आपल्याला ठाऊक असलेल्या अज्ञानाची ती किंमत असते. काही अज्ञान मोजता येतं. ४० किलोचा भार हळूहळू न लटकवता, पट्टीला नुसता टेकवून हात एकदम सोडला, तर क्षणभर स्ट्रेस दुप्पट होतो. उंचीवरून पाडलाच नाही, तरीही दुप्पट. आपला ३.४ लगेच १.७ वर आला. थोड्या उंचीवरून आदळला तर आणखी खाली.

पट्टीत आरपार भोक पाडलं असेल तर? ओढ सोसणाऱ्या रुंद पट्टीत लहान गोल भोक पाडलं, तर भोकाच्या कडेला स्ट्रेस सरासरीच्या तिप्पट असतो. धारदार आतले कोपरे त्याहून वाईट. म्हणून यंत्राच्या भागांत आतल्या कोपऱ्याला गोलाई देतात.

आणि भार दिवसातून शंभरदा चढत-उतरत असेल तर विषय थकव्याचा होतो, फटीग. एकदा लावलेल्या भाराने जी वस्तू जन्मभर मोडणार नाही, ती त्याच्या निम्म्या भाराने लाखो वेळा वाकवली तर मोडू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेचे आस असे मोडत होते आणि जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने त्यांच्यावर पद्धतशीर प्रयोग करून किती स्ट्रेसला किती फेऱ्या टिकतात हे शोधलं. शंभर वर्षांनी, १९५४ साली, कॉमेट ही जेट प्रवासी विमानं हवेत फुटली तेव्हाही कारण हेच निघालं. दर उड्डाणाला केबिनमधला दाब चढत-उतरत होता आणि पत्र्यातल्या कापांच्या कोपऱ्यांशी भेगा वाढत गेल्या. तपास करताना विमानाचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवून दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला गेला, आणि ते फाटलं.

आपल्या पट्टीत भेग कुठून सुरू होईल? वेल्डपाशी, वरच्या कडेला. मोमेंट तिथे सर्वाधिक, आकार तिथे अचानक बदलतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला धातूही बदललेला असतो. मोडलेला कोणताही भाग हातात आला तर आधी भेगेची सुरुवात कुठे झाली ते शोधा. या तीनपैकी काहीतरी तिथे सापडतंच.

भार उचलायचा म्हटलं की

आतापर्यंत भार लटकत होता. तो मोटरने उचलू. एक किलोवॉटची मोटर, मिनिटाला १४४० फेरे. शक्ती म्हणजे टॉर्क (शाफ्ट फिरवणारा मोमेंट) गुणिले कोनीय वेग, आणि कोनीय वेग रेडियन प्रति सेकंदात हवा: १४४० ला २π ने गुणून ६० ने भागा, १५०.८ येतं. म्हणून टॉर्क १००० भागिले १५०.८, म्हणजे ६.६ न्यूटन-मीटर. ५० मिमी त्रिज्येच्या ड्रमवर दोर गुंडाळला तर ओढ फक्त १३३ न्यूटन. ३९२ चा भार हलणारही नाही.

मध्ये गिअर घाला: मोटरवर २० दात, ड्रमच्या शाफ्टवर ८०. वेग चौथाई होऊन ३६०, टॉर्क चौपट होऊन २६.५ न्यूटन-मीटर, ओढ ५३० न्यूटन. भार उचलला जाईल, सेकंदाला साधारण १.९ मीटर वेगाने. पडताळा घ्या: ३९२ गुणिले १.८८५, म्हणजे सुमारे ७४० वॉट. मोटरच्या हजार वॉटपेक्षा कमी, म्हणजे घर्षणाला आणि वेग घ्यायला थोडी जागा उरली.

गिअर टॉर्क वाढवतो, शक्ती वाढवत नाही. उलट घर्षणात थोडी खातो. कोणी यंत्राचं चित्र दाखवून जास्त शक्ती बाहेर येते म्हणाला, तर चित्र समजून घेण्याआधी आत किती वॉट जातात आणि बाहेर किती येतात ते विचारा.

उष्णता: हद्द आखा, केल्विन वापरा

घर्षणात गेलेली ऊर्जा कुठे गेली? इथून थर्मोडायनॅमिक्स सुरू होतो. मेकॅनिक्समध्ये जे स्थान फ्री बॉडी डायग्रामचं, ते इथे हद्दीचं. ज्या भागाचा अभ्यास करायचा त्याच्याभोवती तुटक रेघ आखा आणि रेघ ओलांडून आत-बाहेर काय जातं तेवढंच मोजा. बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का? फ्रिजच्या आत काय चाललंय यात गुंतू नका. रेघ खोलीभोवती आखा. रेघ ओलांडून फक्त वीज आत येते, बाहेर काहीच जात नाही. खोली तापणार.

उष्णतेचे आकडे यंत्राच्या कामापुढे फार मोठे असतात, हेही एकदा करून पाहा. ४० किलो एक मीटर उचलायला ३९२ जूल लागतात. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१८६ जूल, म्हणजे तोच भार जवळपास पावणेअकरा मीटर उचलण्याइतके.

उष्णतेचं काम करताना मात्र निसर्ग सूट देत नाही. सादी कार्नोने १८२४ मध्ये दाखवलं की उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाची कमाल कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर ठरते: एकातून थंड बाजूचं तापमान भागिले गरम बाजूचं तापमान वजा करा. ६०० केल्विनचा उगम आणि ३०० केल्विनचा निकास असेल तर ५० टक्के, त्याच्या वर कितीही उत्तम यंत्र केलं तरी नाही. इथे सेल्सिअस घातलं तर ३२७ आणि २७ वरून ९२ टक्के येतात. उत्तर छान दिसतं आणि साफ खोटं असतं. गुणोत्तर आलं की केल्विन.

प्रवाहाबद्दल थोडकंच

फ्लुइड मेकॅनिक्स हा मोठा विषय आहे. सुरुवातीला एकच सवय लावा, रेनॉल्ड्स नंबर आधी काढायची. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून दाखवलं की प्रवाह कधी सरळ थरांत वाहतो आणि कधी ढवळून निघतो. हा नंबर म्हणजे वेग गुणिले व्यास भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (द्रवाचा चिकटपणा भागिले त्याची घनता). गोल नळीत हा आकडा साधारण २३०० च्या खाली असेल तर थरांचा, लॅमिनार प्रवाह. २० अंशांच्या पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी एका चौरस मीटरचा दहा लाखावा भाग प्रति सेकंद. २५ मिमी नळीत सेकंदाला एक मीटर वेग म्हणजे २५,०००. लॅमिनार ठेवायचं तर वेग सेकंदाला नऊ सेंटिमीटरच्या आसपास आणावा लागेल. म्हणजे पाण्याच्या रोजच्या नळ्यांत प्रवाह बहुधा ढवळलेलाच असतो आणि पुस्तकातली लॅमिनारची सुबक सूत्रं तिथे चालत नाहीत. तेलाच्या बारीक नळीत मात्र चालतात.

कागदावरून हातात

पट्टीचा हिशेब झाला, पण ती बनवणाऱ्याला तुमचा हिशेब दिसत नाही. त्याला ड्रॉइंग दिसतं. ड्रॉइंगवर दृश्यं मांडायच्या दोन पद्धती आहेत आणि कोणती वापरली ते कोपऱ्यातलं चिन्ह सांगतं: फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं, थर्ड अँगलमध्ये वर. चिन्ह न बघता ड्रॉइंग वाचलं तर भोक उलट्या बाजूला पडू शकतं. प्रत्येक माप एकदाच द्या. दोन ठिकाणी दिलेलं माप एक दिवस एकाच ठिकाणी बदललं जातं. आणि मापं कुठून धरली तेही ठरवून द्या. आपल्या प्लेटमध्ये खालची कड महत्त्वाची, कारण ती भिंतीवर टेकून फिरते, म्हणून भोकांची उंची तिथूनच द्या.

मग टॉलरन्स. कोणतीही वस्तू तंतोतंत मापाची बनत नाही, कितपत चुकलेली चालेल ते तुम्ही सांगायचं. एम ८ बोल्टसाठी प्लेटमध्ये ९ मिमीचं भोक पाडतात. तिथे मिमीचा दहावा-पाचवा भाग इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही. पण २५ मिमीच्या भोकात शाफ्ट सैलसर, तरी न डुगडुगता फिरायला हवा असेल तर एच ७ (भोकाला) आणि जी ६ (शाफ्टला) ही प्रमाणित टॉलरन्सची जोडी घेता येते. भोक २५.००० ते २५.०२१, शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. फट कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग). नवखा डिझायनर प्रत्येक मापाला असा कडक टॉलरन्स लावतो आणि बनवणाऱ्याचे तास वाढवून ठेवतो. कडकपणा जिथे दोन भाग एकमेकांत बसतात किंवा फिरतात तिथेच ठेवा.

मोजायला शिकल्याशिवाय हे सगळं हवेत. व्हर्नियर कॅलिपर साधारणपणे ०.०२ मिमीपर्यंत वाचतो. मायक्रोमीटरचा स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिमी सरकतो आणि ड्रमवर ५० भाग असतात, म्हणून ०.०१ मिमी. वापरण्याआधी तोंड मिटवून शून्य तपासा, आणि आवळताना रॅचेटच फिरवा, बोटांच्या जोराने आवळू नका. लेथवरून नुकताच उतरवलेला गरम भाग लगेच मोजू नका. पोलाद दर अंशाला प्रति मिमी सुमारे १२ दशलक्षांशाने वाढतं. १०० मिमीचा दांडा दहा अंश जास्त तापलेला असेल तर माप ०.०१२ मिमी जास्त येईल, म्हणजे मायक्रोमीटरच्या एका भागापेक्षाही अधिक. म्हणूनच लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, असं जगभर ठरलेलं आहे.

वर्कशॉपच्या तासाला फाइल घासताना कंटाळा येतो, हे खरं. पण हाताने दोन पृष्ठभाग काटकोनात आणून पाहिले असतील तर ड्रॉइंगवर काटकोनाचा टॉलरन्स लिहिताना हात जरा थबकतो.

सॉफ्टवेअर कधी उघडायचं

हाताने उत्तर आल्यावर. एफईए सॉफ्टवेअर, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे (मेश) करून स्ट्रेस काढणारं सॉफ्टवेअर, चुकीच्या प्रश्नाचंही सुंदर रंगीत उत्तर देतं. सुरुवात हीच पट्टी घेऊन करा. उभी पट्टी, एक टोक पक्कं, दुसऱ्याला ३९२ न्यूटन. आधी धरलेल्या टोकाचं रिअ‍ॅक्शन, म्हणजे आधार पट्टीला देतो ते बल आणि मोमेंट, बघा: ३९२ न्यूटन वर आणि १९६ न्यूटन-मीटर येतं का? येत नसेल तर रंग बघूच नका, भार किंवा बंधन चुकलं आहे. मग टोकाचं वाकणं: १.५ मिमीच्या जवळ हवं. ते पंधरा किंवा पंधराशे आलं तर एककं बघा. तीन-चार मिमी आलं तर यंग मोड्युलसच्या जागी काय भरलंय ते बघा. चोवीसच्या आसपास आलं तर पट्टी आडवी ठेवली आहे.

स्ट्रेस सगळ्यात शेवटी. धरलेल्या टोकापासून थोडं अलीकडे, समजा ५० मिमीवर, हाताने काढा: तिथे मोमेंट ३९२ गुणिले ४५०, म्हणून स्ट्रेस ६६ मेगापास्कल. सॉफ्टवेअरचा आकडा याच्याशी ताडून बघा. अगदी धरलेल्या कोपऱ्यात मात्र तो ७३.५ पेक्षा बराच जास्त दिसेल, आणि मेश बारीक करत गेलात तर आणखी वाढतच जाईल, कुठेच थांबणार नाही. गणितातल्या अगदी धारदार कोपऱ्याला टोकाचा आकडाच नसतो. तिथे वेल्डची खरी गोलाई मॉडेलमध्ये घाला आणि मेश पुन्हा बारीक करा. या वेळी आकडा एका जागी स्थिरावेल.